‘समजा’पासून ‘ताळा’पर्यंत

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, उलवे येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, माझी वाटचाल खारकोपर स्टेशनपासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतची. त्यात दहा मिनिटांचंसुद्धा भाषण नाही. त्यापेक्षा आपल्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी फिरून येणाऱ्या एका मेसेजवर मला बोलू द्या. तो तुम्हाला पाठच आहे. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, लग्न झालं, कर्ज झालं, मुलं कॉलेजात गेली, पण क्षची किंमत काढायची वेळ काही आली नाही! आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मेसेज गमतीचा आहे, मीही हसते. पण दहावीचा निकाल लागला तो दिवस जरा आठवा. बीजगणित आणि भूमिती असे दोन पेपर. आपल्या तुकडीतल्या काही जणांची गाडी त्यातल्या पहिल्याच पेपराला अडली. मुलगे ऑक्टोबरला पुन्हा बसले. मुलींपैकी काही जणींना घरी सांगितलं गेलं, ‘झालं तेवढं पुरे.’ त्यातल्या दोघी आज इथे समोर बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. म्हणजे क्षची किंमत कुणीच मोजली नाही असं नाही. काहींनी ती फार मोठी मोजली.

त्या दोघींपैकी एक आज डबे पुरवते. मागच्या महिन्यात तिच्या ओट्यापाशी उभी राहून मी विचारलं, ‘परवडतं का गं?’ ती पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘डब्याचे महिन्याला २,४०० घेते. एका डब्याला माल १,५००चा लागतो. गॅस आणि पोचवणारा मुलगा मिळून ९,००० ठरलेले. दहा डबे झाले की खर्च निघतो, अकराव्यापासून माझे.’

आता हेच फळ्यावर लिहू. समजा, डबे क्ष आहेत.

२४००क्ष = १५००क्ष + ९०००

दोन्हीकडून १५००क्ष काढले की ९००क्ष = ९०००, म्हणून क्ष = १०. हा दहावीचासुद्धा नाही, आठवीचा धडा आहे. ‘एकचल समीकरणे’ असं त्याचं भारदस्त नाव. ज्या विषयात तिला नापास ठरवलं, तोच विषय ती रोज पोळ्या लाटताना सोडवते.

मग तिला बीजगणित येतं म्हणायचं का? अर्धं येतं. त्या दिवसाचं उत्तर तिच्याकडे आहे. तेल महागलं आणि माल १,६५०वर गेला, तर तिला पुन्हा पहिल्यापासून मनात मांडावं लागतं. बीजगणित काय करतं? ठरलेल्या खर्चाला, दर आणि माल यांतल्या फरकाने भागा, एवढा एकच नियम हातात देतं. ९,००० भागिले ७५०, बारा डबे. उद्या दर बदलला, मुलाचा पगार वाढला, तरी नियम तोच. अंकगणित आजच्या दिवसाचं उत्तर देतं, बीजगणित सगळ्या दिवसांचं. ‘काय उपयोग’ या प्रश्नाला माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही आणि याहून लहानही नाही.

तिच्या डोक्यातला हिशोब आणि फळ्यावरचा क्ष यांच्यामध्ये एक साकव हवा होता. तो बांधायला वेळ कुणाकडे होता? साठ-पासष्ट मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास. मी कुणाला दोष देत नाही. पण तो साकव कुठे कुठे तुटतो, हे गेली चार वर्षं मी दर रविवारी पाहते आहे. आमच्या उलव्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी-नववीची दहा-बारा मुलं येतात. काही मोरावे, वहाळ, गव्हाणची, काही वॉचमन आणि बांधकामावरच्या लोकांची. तिथे जे दिसलं त्यातल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, बरोबरचं चिन्ह. फळ्यावर लिहा: ८ + ४ = रिकामी जागा + ५. बरीच मुलं रिकाम्या जागेत १२ लिहितात. काही तर पुढचे ५ही मिळवून १७ करतात. कारण पहिलीपासून त्यांच्यासाठी ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’. तराजूची दोन पारडी सारखी आहेत हा त्या चिन्हाचा खरा अर्थ कुणी सांगितलेलाच नसतो. आणि तो कळला नाही तर ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे पक्षांतर म्हणजे नुसता मंत्र होतो. उंबरा ओलांडला की अधिकचं उणे का होतं? कुणी विचारत नाही. प्रत्यक्षात काहीही उंबरा ओलांडत नाही. आपण दोन्ही पारड्यांतून सारखं वजन काढतो, एवढंच.

दुसरी गोष्ट, अक्षर म्हणजे वस्तू नव्हे. ‘आ म्हणजे आंबे, क म्हणजे केळी, म्हणून ३आ + २क’ अशी सुरुवात आपल्यापैकी पुष्कळांची झाली. सोपी वाटते, पण पुढे फसवते. आंबा गुणिले केळं म्हणजे काय? आंब्याचा वर्ग म्हणजे काय? अक्षर हे आंब्यांचं नव्हे, आंब्यांच्या संख्येचं नाव आहे. उलव्यात हे शिकवायला एक हुकमी उदाहरण आहे, साडेबारा टक्के. १९८४ साली जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड ही मागणी त्या लढ्यातून पुढे रुजली. आमच्याकडच्या मुलांना हा आकडा आजोबांच्या तोंडून ठाऊक असतो. मी विचारते, एक एकर गेली तर किती? चाळीस गुंठ्यांचा आठवा भाग, पाच गुंठे. कपातीचे नियम निराळे, ते बाजूला ठेवू. आता, समजा ज गुंठे गेली तर? ज भागिले ८. इथे ज म्हणजे जमीन नाही, ज म्हणजे गुंठ्यांची संख्या. कुणाची दोन एकर असो नाहीतर अकरा गुंठे, ओळ तीच. हे कळतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण त्यांच्या घरचा कागद पहिल्यांदा त्यांना वाचता येतो.

तिसरी गोष्ट मोठ्यांनाही चकवते. शाळेत प्रत्येक शिक्षकामागे ३० विद्यार्थी आहेत. शिक्षकांची संख्या श, विद्यार्थ्यांची व. समीकरण लिहा. मनातल्या मनात लिहिलंत? बहुतेक जण ३०व = श लिहितात, कारण वाक्य कानाला तसं ऐकू येतं, तीस विद्यार्थी आणि एक शिक्षक. आता २० शिक्षक घालून पाहा. विद्यार्थी ६००. तीस गुणिले सहाशे बरोबर वीस? नाही. बरोबर समीकरण व = ३०श. नव्या इंजिनिअरांचं कोड तपासताना हाच उलटा घास मला वारंवार दिसतो. भाषा अस्खलित, कॉम्प्युटर नवा कोरा, आणि आत गुणाकार नको त्या बाजूला.

आता माझ्या धंद्याची एक गंमत सांगते. आम्ही दिवसभर क्ष = क्ष + १ असं लिहितो. हे कुठल्याही गणिताच्या बाईंना दाखवलं तर त्या वही फेकून देतील, कारण कुठलीच संख्या स्वतःहून एकने मोठी नसते. कॉम्प्युटरच्या बऱ्याच भाषांत त्या चिन्हाचा अर्थ ‘बरोबर’ नसतो, ‘उजवीकडचं डावीकडच्या डब्यात ठेव’ असा असतो. हा फरक ज्याला पहिल्या दिवशी कळतो तो पुढे जातो. शाळेत बरोबरचं चिन्ह नीट शिकलेल्याला तो लवकर कळतो.

या विषयाची मुळं आपल्याच मातीत किती खोल आहेत, हे आपल्याला शाळेत फारसं सांगितलं गेलं नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या ३६व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. ‘बीजगणित’मधलं एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगते. एकाकडे ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी, घोडे सारख्याच किमतीचे. घोड्याची किंमत किती?

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

दोन्हीकडून सहा घोडे काढा, दोन्हीकडे शंभर घाला. ४क्ष = ४००. घोडा शंभर रुपयांचा. ताळा पाहा: ६०० अधिक ३०० म्हणजे ९००, १,००० वजा १०० म्हणजेही ९००. जुळलं. क्षच्या जागी भास्कराचार्य ‘यावत्-तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. अज्ञात संख्या एकाहून जास्त असल्या की पुढच्यांना रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आणि ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे पैसा, हे तर ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच नियम बांधून सांगितलं होतं. आठवीतल्या मुलाला ‘उणे गुणिले उणे’ आकाशातून पडल्यासारखं वाटतं, पण ‘माझ्यावर शंभर रुपयांचं कर्ज आहे’ हे त्याला न शिकवता कळतं. सुरुवात तिथून करता येते.

पुढे बगदादला नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’ शब्दावरून ‘अल्जेब्रा’ आला. त्या शब्दाचा अर्थ तुटलेलं पुन्हा जोडणं. आम्ही आयटीतले लोक ज्याला अल्गोरिदम म्हणतो, तो शब्द त्यांच्याच नावावरून पडला.

आता जवळचं उदाहरण, तेही एका शाळामास्तरांचं. द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत, १९६२मध्ये निवृत्त होईपर्यंत. त्यांनी शोधलेला आकडा आहे ६१७४. आपल्या दहावीचं साल घ्या, १९९६. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९९६१. चढत्या क्रमाने, १६९९. वजाबाकी ८२६२. पुन्हा तेच करा: ६३५४. पुन्हा: ३०८७. पुन्हा: ८३५२. पुन्हा: ६१७४. आणि ६१७४चं पुढे काय होतं? ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. चारही अंक सारखे नसतील, अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी याच स्टेशनात येते.

मी कॉम्प्युटरला सांगितलं तर डोळ्याची पापणी लवायच्या आत तो सगळ्या संख्या तपासेल आणि म्हणेल, ‘होय, खरं आहे.’ पण का, हे तो सांगणार नाही. त्याला बीजगणित लागतं. समजा, उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड आहेत. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की उरतं:

९९९(अ − ड) + ९०(ब − क)

फक्त दोन फरक महत्त्वाचे: पहिल्या-शेवटच्या अंकांतला आणि मधल्या दोघांतला. चारही अंक सारखे नसतील तर पहिला फरक १ ते ९. दुसरा शून्यापासून सुरू होतो आणि पहिल्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या अवघ्या ५४. हजारो संख्यांचं जंगल ५४ झाडांवर आलं. वहीची दोन-तीन पानं आणि एक दुपार, एवढ्यात नववीतली मुलगी हे स्वतः सिद्ध करू शकते. ६१७४ म्हणजे ९९९ गुणिले ६ अधिक ९० गुणिले २. करून बघा. माझ्या नोकरीत मला पगार मिळतो तो नेमक्या याच कामाचा: कॉम्प्युटरला दहा हजार वेळा पळवायच्या आधी, ५४ वेळांत भागतं का ते बघायचं.

आता आपल्या बीजगणिताच्या सरांबद्दल. सर समोर बसलेत, त्यांना कौतुक केलेलं आवडत नाही, म्हणून फक्त दोन गोष्टी सांगते. सर उदाहरण कधीही क्षपासून सुरू करू देत नसत. पहिला शब्द ‘समजा’. समजा, वडिलांचं आजचं वय क्ष वर्षे. ‘वर्षे’ लिहिलं नाही तर अर्धा गुण गेला. तेव्हा जाच वाटायचा. आज मला त्या शब्दाची थोरवी कळते. मराठीत ‘समजा’ म्हणजे ‘धरून चाला’ आणि ‘समजा’ म्हणजे ‘समजून घ्या’. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं धरायचं, त्याला नाव द्यायचं, आणि त्या नावाचं बोट धरून ते समजून घ्यायचं. सगळं बीजगणित या एका शब्दात आहे.

दुसरी गोष्ट, ताळा. उत्तर आलं की सर विचारत, ‘ताळा पाहिलास?’ उत्तर मूळ वाक्यात परत घालून बघायचं. पुस्तकाच्या मागची उत्तरं फाडून टाका म्हणायचे, तुमचं बरोबर की चूक ते तुम्हाला स्वतःला कळलं पाहिजे. मुलांना, विशेषतः मुलींना, दुसऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय आपलं बरोबर आहे असं वाटत नाही. ताळा ती परवानगी आपल्या हातात देतो. इतिहासात, भाषेत मास्तरांचं ऐकावं लागतं. बीजगणितात तेरा वर्षांची पोर सरांना सांगू शकते, ‘सर, तुमचं चुकलं, हा बघा ताळा.’ आणि सरांना ते मान्य करावं लागतं. आपल्या वर्गात हे दोनदा झालं होतं, आणि दोन्ही वेळा सरांनी पेढे वाटले होते.

हे सगळं आजच का बोलते? २०२४ साली राज्याचा शालेय अभ्यासक्रम आराखडा आला. गणित-विज्ञानात ३५ गुण मिळाले नाहीत, पण २० किंवा त्याहून जास्त असले, तर शेरा देऊन पुढे जाऊ द्यावं, मात्र गणित किंवा विज्ञानावर आधारलेलं पुढचं शिक्षण घेता येणार नाही, असा मार्ग त्यात सुचवला आहे. मला याचा राग येत नाही. असा शेरा १९९६ साली असता, तर आपल्या त्या दोन मैत्रिणी कॉलेजात गेल्या असत्या. एका पेपरापायी मुलीची शाळा थांबू नये, हे मी मनापासून मानते. पण त्या शेऱ्याची दुसरी बाजूही बघा. पंधराव्या वर्षी एक दार कायमचं बंद झाल्याचा तो कागद आहे. आणि तो कुणाच्या हातात पडेल? ज्याच्या घरी क्लासची फी भरायला पैसे आहेत त्याच्या नाही. वॉचमनच्या मुलीच्या हातात पडेल, डबे पोचवणाऱ्या मुलाच्या हातात पडेल. विमानतळ आमच्या दारात आहे, अटल सेतूवरून मुंबई वीस-पंचवीस मिनिटांवर आली. या सगळ्यात चांगल्या नोकऱ्या असतील. त्या कुणाला मिळणार, याचा निकाल बराचसा आठवीच्या वर्गात लागतो.

म्हणून एक प्रस्ताव ठेवते. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर कमानीपासून वॉटर कूलरपर्यंत चर्चा झाली. जे ठरलंय ते द्याच. सोबत शनिवारचा दीड तास द्या. आठवीच्या मुलांसाठी, शाळेतच, मुख्याध्यापकांच्या संमतीने, सध्याच्या शिक्षकांना मदत म्हणून. त्यांच्या जागी म्हणून नव्हे. आपल्यात बँकेतले आहेत, टेम्पोचा धंदा करणारे आहेत, गवंडीकामाचे ठेकेदार आहेत, नर्स आहेत. प्रत्येकाकडे आपल्या कामातलं एक समीकरण आहे. डिझेल आणि फेऱ्या, सिमेंट आणि वाळू, औषध आणि वजन. तेच घेऊन या. शिकवायची भीती वाटत असेल तर मंगला नारळीकरांचं ‘गणिताच्या सोप्या वाटा’ चाळा. आणि तीन पथ्यं पाळा. पहिला शब्द ‘समजा’. पक्षांतराचा मंत्र नाही, तराजू. आणि ताळा मुलाने स्वतः पाहायचा, आपण ‘शाब्बास’ म्हणण्याआधी.

हे काही नवीन नाही. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात राजाची स्तुती नाही. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालातून मठाला किती द्यायचं, याचा हिशोब आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला बाजार गणित शिकवण्यासाठी आपल्या विक्रीतला वाटा काढून ठेवत होता. विकणाऱ्यांपैकी किती जणांना ‘यावत्-तावत्’ कळत होतं, कोण जाणे. पण गावात ते शिकवलं जावं, एवढं त्यांना कळत होतं.

डबे पुरवणाऱ्या आपल्या मैत्रिणीने पहिल्या शनिवारचं काम स्वीकारलं आहे. तेच समीकरण फळ्यावर मांडायचं, २४००क्षचं. खडू धरायला हात थरथरेल म्हणते. मी मागच्या बाकावर बसणार आहे. यादी दाराजवळ ठेवली आहे. जेवायला जाण्यापूर्वी नाव, वार आणि आपल्या धंद्यातलं एक उदाहरण लिहून जा.